तळमजल्यावरची जुनी मातीची फरशी: आधी ओल थांबवा, मग धुवा, तेल-मेण सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या धंतोलीतलं जुनं बैठं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात आठ इंची लाल मातीच्या फरश्या. काही वर्षांपूर्वी त्यांवर चकचकीत क्लिअर कोट मारला होता, तो आता दुधाळ होऊन सुटतोय. भिंतीकडेच्या फरश्यांवर पांढरी पावडर येते, पाच-सहा फरश्या फुटल्या आहेत, काही ठोकल्यावर पोकळ वाजतात. मिस्त्री म्हणतो, मशीन फिरवून पॉलिश करू, नाहीतर वरूनच व्हिट्रिफाइड टाइल बसवू. फरशी ठेवायची आहे, तर साफ कशी करावी आणि सील कशाने करावं?

मिस्त्रीचे दोन्ही उपाय करू नका, आणि सीलरही इतक्यात विकत आणू नका. या फरशीचा आजार खालून येतोय. तो समजून न घेता वरून काहीही लावलंत, तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच होईल.

अशा जुन्या बैठ्या घरांत फरशीखाली ओल अडवणारा थर सहसा नसतो. खाली मुरूम-दगडाचं सोलिंग (भरणीचा थर), त्यावर चुन्याचा कोबा आणि चुना-सुरखीच्या (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) मालात बसवलेली फरशी, एवढंच असतं. जमिनीतली ओल सावकाश वर चढते आणि सांध्यांतून, फरशीच्या बारीक छिद्रांतून हवेत उडून जाते. कित्येक दशकं फरशी टिकली ती या मोकळ्या वाटेमुळे. क्लिअर कोटने ती वाट बंद झाली. पाणी कोटाखाली अडकलं, म्हणून तो दुधाळ झाला आणि सुटायला लागला.

त्याहून वाईट काम क्षार करतात. ओलीबरोबर जमिनीतले आणि मालातले क्षार विरघळून वर येतात. फरशी उघडी असेल तर ते वर पांढरे फुटतात (आपण त्याला लोणा म्हणतो) आणि झाडून काढता येतात. वर कोट असेल तर ते फरशीच्या कातडीच्या आतच स्फटिक होऊन बसतात आणि तयार होताना वरचा पापुद्रा उचलतात. भिंतीकडेची एखादी फरशी गुडघे टेकून जवळून बघा. कोट सुटलेल्या जागी कडेला चंद्रकोरीसारखी पापडी उचललेली दिसेल. ती काढून आत नख घासलं की लाल पीठ हाताला लागेल. गेलेला थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, पण भट्टीत सगळ्यात कडक भाजलेली कातडी तीच असते. मशीनला नाही म्हणण्याचं कारणही हेच. मोझॅक घासणारं दगडाचं मशीन ही कातडी सगळ्याच फरश्यांवरून काढून टाकतं. मग खालचं मऊ अंग उघडं पडतं, पाणी जास्त पितं आणि रोज धूळ सोडतं. गेलेली कातडी परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. वरून व्हिट्रिफाइड बसवली तर ओल फरशीतून निघू शकत नाही, ती भिंतीत चढते. मग दरवर्षी भिंतीचा रंग आणि प्लास्टर करत बसावं लागतं.

फरशी खरंच मातीची आहे ना, हे आधी पक्कं करा. लाल रंगाची सिमेंट टाइल आणि लाल कोबा दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत, आणि लांबून फसगत होते. फुटलेल्या फरशीची कड बघा. मातीची फरशी आरपार एकाच लाल-केशरी रंगाची, दाणेदार असते. सिमेंट टाइलला वर चार-पाच मिलिमीटर रंगीत थर आणि खाली राखाडी अंग असतं. शंका असेल तर तुकडा नीट धुवा आणि तुटलेल्या कडेवर लिंबाचा रस टाका. सिमेंटवर बुडबुडे येतात, भाजलेल्या मातीवर येत नाहीत (चुन्याचा माल चिकटलेला असेल तर त्यावर येतील, म्हणून जागा स्वच्छ हवी). फरशी निघाली तर मागची बाजूही बघून ठेवा, कारखान्याचा छाप असू शकतो. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर त्या पट्ट्यातले बरेच कारखाने मालावर आपली खूण उठवत. बदली फरशी शोधताना ती खूण आणि जाडी यांचा उपयोग होतो.

आता ओल. नागपुरात तिची चार ठिकाणं हमखास तपासावीत. पहिलं, घराबाहेरची जमीन. सिमेंटचे रस्ते उंच झाल्यापासून जुन्या भागांतली बरीच अंगणं खड्ड्यात गेली आहेत. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर, दर मीटरला दोन सेंटिमीटर तरी हवा. भिंतीला खेटून कोणी काँक्रीट ओतलं असेल, तर भिंतीलगतची एक फुटाची पट्टी फोडून तिथे गिट्टी भरा आणि पाणी पाइपने लांब काढा. ते पाणी तिथेच मुरू देऊ नका. आपली काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि कडेच्या फरश्या पोकळ वाजण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. दुसरं, मोरी आणि न्हाणीचा निचरा. तिसरं, जुनी गाडलेली पाइपलाइन. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. चौथं, कूलर. टाकीतलं पाणी उडत जातं तसे उरलेल्या पाण्यात क्षार दाट होत जातात, आणि तेच पाणी खिडकीखाली दोन-अडीच महिने ठिबकतं. खिडकीखालच्या फरश्या सगळ्यात जास्त खराब असतील तर दोष जमिनीचा नसून कूलरचा आहे. त्याखाली ट्रे ठेवा आणि टाकीचा निचरा पाइपने बाहेर न्या.

हे झालं की मोजमाप. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने फरशीला चिकटवा. एक भिंतीकडे, एक खोलीच्या मधोमध, एक मोरीजवळ. कोट असलेल्या जागी ही चाचणी फसवते, म्हणून कोट निघाल्यावरच करा. अठ्ठेचाळीस तासांनी प्लास्टिकखाली दव दिसलं किंवा फरशी काळपट झाली, तर ती जागा अजून ओली आहे. तिन्ही तुकडे कोरडे निघेपर्यंत तेल नाही, मेण नाही, सीलर नाही. पुन्हा पुन्हा पाहिलंय की घाई होते ती इथेच.

काम कधी काढायचं? कोट काढणं आणि धुणं दिवाळीनंतर सुरू करा, दुरुस्ती जानेवारीत, तेल फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. तेव्हा हवा कोरडी असते आणि कूलर लागलेले नसतात. मे महिन्यात टर्पेंटाइन इतक्या झपाट्याने उडतं की तेल आत जिरायच्या आधी वरच दाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर फरशी सुकतच नाही.

कोट काढण्याआधी तो कशाचा आहे ते ओळखा. कापसाचे दोन बोळे घ्या, एक टर्पेंटाइनचा, एक एनसी थिनरचा (लॅकर पातळ करायचा थिनर). फरशीवर ठेवून प्लास्टिकने पाच मिनिटं झाका. टर्पेंटाइनच्या बोळ्याला लाल-तपकिरी चिकटा आला तर ते जुनं मेण-पॉलिश आहे. थिनरखाली कोट चिकट झाला तर तो अ‍ॅक्रिलिक. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन.

मेण टर्पेंटाइन आणि पांढऱ्या नायलॉन पॅडने निघतं. एका वेळी चार-पाच फरश्याच घ्या आणि विरघळलेलं मेण लगेच सुती कापडाने उचला, नाहीतर ते पुन्हा छिद्रांत बसतं. अ‍ॅक्रिलिक थिनरने जातं. पॉलियुरेथेनला जेल पेंट रिमूव्हर लागतो. ब्रशने दोन-तीन मिलिमीटर जाड थर द्या, प्लास्टिकने झाका, अर्ध्या तासाने लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पत्रा वापरला तर ओरखडे कायमचे राहतात. रिमूव्हरची वाफ घातक असते. दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, पंखा हवा बाहेर फेकेल असा ठेवा, हातात जाड रबरी मोजे घाला (दवाखान्यातले पातळ मोजे पुरत नाहीत). घरात गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती काहीही पेटलेलं नको. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं त्या दिवशी दुसरीकडे राहू द्या.

मग धुणं. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा. एका वेळी एक चौरस मीटर जागा घ्या. पाणी लावा, पंधरा मिनिटं थांबा, नायलॉन ब्रशने घासा आणि मळकं पाणी तिथल्या तिथे वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या. मशीन भाड्याने मिळतं, आणि या कामात जिथे खरंच पैसे घालावेत ते हेच. मळकं पाणी पोछ्याने पसरवत नेलं तर घाण सांध्यांत जाऊन बसते. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा, तेही ओतून नाही, ओल्या स्पंजने पुसून. सोडा हाही क्षारच आहे, राहिला तर उद्या पांढरा फुटेल. शक्यतो नळाचं पाणी वापरा. बोअरचं जड पाणी धुताना घाण काढतं आणि आपले क्षार मागे ठेवतं.

अ‍ॅसिड वापरू नका, हे वेगळं सांगायला हवं, कारण फरशी साफ करायची म्हटलं की पहिली बाटली त्याचीच येते. बाथरूमचं अ‍ॅसिड चुन्याच्या सांध्यांशी भिडलं की चुना खातं आणि कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे फरशी पावसाळाभर दमट आणि डागाळलेली राहते. सिमेंटचे शिंतोडे असतील तर पाण्याने भिजवून लाकडी पाचरीने आणि धीराने काढा.

लोणा फुटून आलेली पांढरी पावडर मात्र पाण्याने कधीच पुसू नका. पाण्यात विरघळून ती परत आत जाते आणि चार दिवसांनी पुन्हा वर येते. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्यूमने ओढा आणि घराबाहेर टाका. फारच दाट असेल तर साध्या कागदाचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून अर्धा इंच जाड थापा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना तो क्षार स्वतःत ओढतो. वाळला की उचलून फेका. दोन-तीन वेळा करावं लागतं. प्रत्येक वेळी पावडर कमी येत गेली तर बाहेरची ओल थांबली आहे असं समजा. तितकीच येत राहिली तर परत चार ठिकाणांच्या तपासाकडे जा.

फुटक्या आणि पोकळ फरश्यांकडे आता. बांबूच्या काठीने सगळी खोली ठोकत जा, पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा. पोकळ असूनही हलत नसलेली, कोपऱ्यातली फरशी तशीच राहू द्या. पायाखाली डुगडुगते ती काढायची. फुटकी फरशी मधून फोडत कडेकडे या, कडेने छन्नी लावलीत तर शेजारची टवका देते. जुना माल पाऊण ते एक इंच खोल खरवडा. बदली फरश्या जुनी घरं पाडणाऱ्या ठेकेदारांकडे विचारा. त्या नाही जमल्या तर कपाटाखालच्या, पलंगाखालच्या चांगल्या फरश्या काढून चालण्याच्या जागी बसवा आणि नव्या फरश्या कपाटाखाली घाला. नवी फरशी जुन्यांच्या मधोमध नेहमीच डोळ्यांत खुपते.

बसवायला सिमेंट किंवा टाइल अ‍ॅडहेसिव्ह नको. काळ्या मातीवरचं घर वर्षभरात थोडंफार हलतं. चुन्याचा माल ते सोसतो, सिमेंट सोसत नाही आणि ताण फरशीवर येऊन तीच तडकते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षार घेऊन येतं. माल असा: एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग चाळलेली रेती. कन्हान नदीची रेती चालते, पण दोनदा धुऊन घ्या. कळीचा चुना विझवून किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. कच्चा खडा राहिला तर तो फरशीखाली नंतर फुलतो आणि फरशी उचलतो. सुरखी नीट भाजलेल्या विटांची असावी, कच्च्या पिवळट विटांची माती होते. फरशी तासभर पाण्यात बुडवून, पाणी निथळवून बसवा. कोरडी फरशी मालातलं पाणी शोषून घेते आणि माल धरत नाही. सांध्यात तोच चुना आणि कापडातून गाळलेली सुरखी, एकास एक, घट्ट कालवून दाबा. आजूबाजूला लागलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वर ओलं बारदान आठ-दहा दिवस. त्यानंतर किमान चार आठवडे उघडं सुकू द्या. ताज्या चुन्यावर जवसाचं तेल लावलं तर त्याचा साबण होतो आणि सांधे पांढरट, मऊ राहतात.

आता सीलर. बाजारात तीन जाती आहेत. वर थर बनवणारे अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन कोट तळमजल्याच्या अशा फरशीला नकोतच. वरच्या मजल्यावर, खाली कोरडा स्लॅब असेल तर चालू शकतात. दुसरी जात आत जिरणाऱ्या सिलेन-सिलोक्सेन सीलरची. रंग बदलत नाही, चमक येत नाही, वाफ जाऊ देतो, पाणी रोखतो. साधा प्रकार तेल रोखत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरासाठी पाणी आणि तेल दोन्ही रोखणारा ‘पेनिट्रेटिंग’ किंवा ‘इम्प्रेग्नेटिंग’ लिहिलेला डबा घ्या. तिसरी जात जवसाचं तेल आणि मेण. खोल्यांसाठी आमची पसंती यालाच. मातीचा रंग खुलतो, आणि झिजलं तर फक्त तेवढीच जागा पुन्हा करता येते. सिलोक्सेन लावलेल्या फरशीत नंतर तेल जिरत नाही, म्हणून कुठल्या खोलीत काय हे आधीच ठरवा. आणि भिंतीकडेची जी पट्टी अजून लोणा देते आहे ती या वर्षी उघडीच ठेवा. आठवड्याला झाडत राहा, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा प्लास्टिक चिकटवून बघा.

तेल रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचंच हवं. विदर्भात घाणीचं जवस तेल सहज मिळतं, म्हणून तेच लावण्याचा मोह होतो. पण त्यात सुकवणारी द्रव्यं नसतात. ते कित्येक आठवडे ओलं राहतं आणि सगळी धूळ धरतं.

पहिला हात: तेल आणि टर्पेंटाइन समसमान. रुंद ब्रशने लावा. वीस-तीस मिनिटांनी वर जे चकाकत उरलं असेल ते सुती कापडाने पूर्ण पुसून काढा, हाताला ओलं लागता कामा नये. दोन दिवस थांबा. दुसरा हात: दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन, पुन्हा तसंच पुसायचं. तिसरा हात फक्त ज्या फरश्या अजून रुक्ष दिसतात त्यांनाच, निव्वळ तेल, अगदी पातळ. दहा बाय बाराच्या खोलीला (साधारण अकरा चौरस मीटर) दोन लिटर तेल आणि पातळ करायला एक लिटर टर्पेंटाइन पुरतं. फरशी फार पिणारी असेल तर थोडं जास्त. आधी एका कोपऱ्यात दोन फरश्यांवर लावून दोन दिवसांनी रंग बघा. तेलाने माती गडद होते, आणि तो रंग आवडला नाही तर परत फिकट करता येत नाही.

तेलाचं काम चिकट राहिल्याची तक्रार जवळजवळ नेहमी जास्तीचं तेल न पुसल्यामुळे येते. आठवड्यात लक्षात आलं तर टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या पांढऱ्या पॅडने घासून सुटतं. महिन्याने आलं तर खरवडावं लागतं.

तेलाच्या चिंध्यांबद्दल कृपा करून हलगर्जी करू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. चिंध्या गोळा करून पिशवीत किंवा कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत साठते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच त्या पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा अंगणात सावलीला एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळू द्या.

शेवटच्या हातानंतर दोन आठवड्यांनी मेण. नुसतं मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पायाखाली धूळ धरून काळं होतं. म्हणून त्यात ८२ अंशांच्या वर वितळणारं कार्नोबा मेण मिसळा. १०० ग्रॅम मधमाशीचं मेण, ५० ग्रॅम कार्नोबा, अर्धा लिटर टर्पेंटाइन. दोन्ही मेणं उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, भांडं अंगणात न्या आणि मगच टर्पेंटाइन हळूहळू ढवळत घाला. गॅसजवळ टर्पेंटाइन ओतलं तर भडका उडतो. थंड झाल्यावर लोण्यासारखं घट्ट होतं. कापडावर सुपारीएवढं घेऊन चार फरश्या, तासाभराने कोरड्या कापडाने जोर लावून घासा. थर दिसला तर जास्त झालं.

नंतरची निगा सोपी आहे, पण रोजच्या दोन सवयी बदलाव्या लागतील. बऱ्याच घरांत पुसायच्या पाण्यात खडे मीठ टाकतात. या फरशीला ते नको, कारण इतकी मेहनत करून जे बाहेर काढलं तेच रोज आत जातं. दुसरं, फिनाईल. त्याने मेण उतरतं आणि चिकट थर बसतो. बादलीभर साध्या पाण्यात चमचाभर सौम्य साबण, पोछा घट्ट पिळून, बस. समईखाली ताम्हण किंवा ताट ठेवा. तेल सांडलंच तर मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून डागावर अर्धा इंच थापा, एक दिवस प्लास्टिकने झाका, मग उघडं करून वाळल्यावर झाडून टाका. हळदीचा डाग घासू नका. ऊन पोचत असेल तिथला डाग आठवडाभरात स्वतःच फिका पडतो. मेणाचा एक हलका हात दर दिवाळीआधी, तेलाचा फक्त तेव्हा, जेव्हा फरशीवर टाकलेला पाण्याचा थेंब दोन मिनिटांत आत जिरून काळपट डाग सोडायला लागेल. असं दाराजवळ आणि ओट्यासमोर आधी होईल. तेवढ्याच फरश्यांवरचं मेण टर्पेंटाइनने उतरवून त्यांना पातळ तेलाचा एक हात द्या, बाकीची खोली तशीच राहू द्या.